वितळणं वेगळं, जळणं वेगळं

सुजाता,

तू गेलीस आणि दुसऱ्याच दिवसापासून स्टाफरूममधले सगळे तुझ्याबद्दल फार चांगलं बोलायला लागले. तुझ्या प्रयोगांच्या वासावरून, ओल्या फरशीवरून आणि तुझ्या वर्गातल्या गोंगाटावरून ज्यांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या, तेसुद्धा. तू असतीस तर चहाचा कप हातात घेऊन म्हणाली असतीस, "हे सगळं मी असताना कावून नाही बोलले?" नागपूर सोडून तुला बरीच वर्षं झाली होती. पुण्याची मराठी तू माझ्याइतकीच नीट बोलायचीस. पण राग आला किंवा गंमत वाटली की 'का' आणि 'करतेय' यांच्या जागी तुझं 'कावून' आणि 'करून राहिली' बाहेर यायचं. मला त्याची इतकी सवय झाली होती की आता शाळेतली मराठी अळणी लागते. मराठी शिकवणाऱ्या बाईने हे लिहावं, म्हणजे बघ.

शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं. मी नाही बोलले. तिथे तुझी सेवावृत्ती, तुझा हसतमुख स्वभाव असं सगळं चाललं होतं, आणि तू काही हसतमुख नव्हतीस. तुझ्याशी बोलायचं तर भांडणाच्या मध्येच कुठून तरी सुरू करावं लागतं. ते सभेत जमलं नसतं.

आपली ओळखही भांडणानेच झाली. तू शाळेत नवीन होतीस. मी सातवीच्या शेजारच्या वर्गात कविता शिकवत होते. तू दार न वाजवता आत आलीस. हातात ओला थर्मामीटर, ओढणीचं टोक पाण्यात भिजलेलं.

"मॅडम, तुम्ही मराठीच्या ना? मला एक शब्द द्या."

मी म्हटलं, "माझा तास चालू आहे."

"माझाही चालू आहे. म्हणून तं घाई आहे."

माझा वर्ग खो खो हसला. मला राग आला होता, पण आजवर कोणी माझ्याकडे शब्द मागायला धावत आलं नव्हतं. मी मुलांना पुढचं कडवं वाचायला सांगितलं आणि तुझ्या मागे आले.

टेबलावर विजेची शेगडी, तिच्यावर स्टीलचं पातेलं, पातेल्यात शाळेच्या फाटकाशेजारच्या रसवंतीतून आणलेला बर्फ. मुलं भोवती गोळा झालेली. शेगडी तापलेली, बर्फ वितळतोय, पाणी वाढतंय, तू ढवळते आहेस, आणि पारा मात्र शून्यावर. जागचा हलत नव्हता.

"बाई, बिघडलाय तो," मागून कोणी तरी म्हणालं.

"दुसरा लावून पाहिला ना आपण? तोही बिघडला?"

मग पुढच्या बाकावरच्या मुस्कानने तिचा प्रश्न माझ्यासाठी परत विचारला. "शेगडी तर तापलीय. बर्फाला उष्णता तर मिळतीय. मग ती जातीय कुठं?"

आपल्याकडे विज्ञान इंग्रजीतून. पुस्तकात उत्तर होतं, लेटंट हीट. तू ते सांगितलं होतंस, वर्गाने वहीत लिहिलं होतं आणि पेनं खाली ठेवली होती. "शब्द मिळाला अन् प्रश्न मेला," तू माझ्या कानाशी म्हणालीस. "मला असा शब्द पाहिजे, की तो ऐकून पोरगी अजून एक प्रश्न विचारेल."

मी आपली पुस्तकी. म्हटलं, "अप्रकट उष्मा."

"हे तं सातबाऱ्यावर शोभेल."

"सुप्त उष्णता? गुप्त?"

"गुप्त कावून? ती लपली का कुठं? ती कामाला लागली आहे."

मग तू शेगडी बंद केलीस आणि सगळ्या सातवीला उभं केलंस. रांगा करायला लावल्यास. शेजारच्याच्या, पुढच्याच्या, मागच्याच्या खांद्यांना, हातांना घट्ट धरायचं. हा बर्फ. जागच्या जागी थरथरायचं, पण हात सोडायचा नाही. मग मुस्कानला तू उष्णता केलंस. तिने एकेकाची पकड सोडवत जायचं. ती बिचारी ओढत होती, मुलं सोडत नव्हती, ती घामाघूम झाली. "बघा," तू म्हणालीस, "ही किती दमून राहिली. पण तुम्ही जोरात पळायला लागले का? नाही. नुसते सुटे झाले. म्हणून पारा चढत नाही. तिची सगळी ताकद तुम्हाला एकमेकांपासून सोडवण्यात जाते." सुटी झालेली मुलं एकमेकांना घासत, ढकलत वर्गभर फिरायला लागली. हे पाणी. "आता अजून उष्णता द्या," तू म्हणालीस आणि दार उघडलंस. वायू झालेली सातवी मैदानावर पसरली ती मधल्या सुट्टीपर्यंत परत आलीच नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्या दोघींना बोलावून घेतलं. माझा काही संबंध नव्हता, तरी मलाही.

त्या शब्दावर आपण किती वर्षं भांडलो! मी 'खर्ची पडलेली उष्णता' म्हटलं, तर तू म्हणालीस, खर्च म्हणजे संपली, आणि ती संपत नाही, पाणी परत गोठलं की तेवढीच परत देतं. त्याचा पुरावा मला माझ्याच हातावर मिळाला. तू माझ्याकडे जेवायला आली होतीस आणि मी घाईघाईने कुकरचं झाकण काढताना मनगट वाफेवर धरलं. तू माझा हात ओढून नळाखाली धरलास आणि मी कळवळत असताना शांतपणे म्हणालीस, "उकळत्या पाण्याने इतकं भाजलं नसतं. वाफेचं कातडीवर पाणी झालं ना, ते होताना तिनं घेतलेली सगळी उष्णता इथं ठेवली." मी म्हटलं, "आत्ता शिकवू नको." तू म्हणालीस, "आत्ताच लक्षात राहील." आणि राहिलं.

मग मी 'मुरलेली' सुचवला. मुरलेली उष्णता. तो तुला आवडला. तू वर्गातही वापरलास. आणि आठवड्याने स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसलीस. "मुरलेलं परत काढता येते का? लोणच्यातला मसाला काढून दाखव." गेला तोही शब्द. मला आता वाटतं, तुला शब्द नकोच होता. तुला कोणी तरी शोधत राहायला हवं होतं, आणि ते काम तू माझ्यावर टाकलंस. मी एकटी राहते, घरी गेल्यावर बोलायला माणूस नाही, हे तुला ठाऊक होतं. मी पोळ्या लाटताना शब्द शोधायचे. कधी सापडला की भाजायच्या आधी तुला फोन करायचे.

एकदा तुझ्या वर्गात मी नुसतीच मागे बसले होते. पाणी उकळायचा प्रयोग होता. पाणी खळखळत होतं आणि पारा अठ्ठ्याण्णवाच्या आसपास थांबला होता. तू वह्या तपासल्यास. सगळ्यांनी शंभर लिहिलं होतं.

"शंभर कोणाला दिसलं? हात वर करा."

कोणीच नाही.

"मग लिहिलं कोणी?"

"पुस्तकात शंभर आहे, बाई."

तू चिडलीस. इतकी चिडलेली मी तुला फार कमी वेळा पाहिली. पुस्तकातलं पाणी समुद्रकाठी उकळतं, तू म्हणालीस, आपण उंचावर राहतो, इथे हवेचा दाब कमी, म्हणून इथलं पाणी थोडं आधीच उकळतं. यात चूक काहीच नाही. चूक आहे ती न दिसलेलं लिहिण्यात. "दिसलं ते लिहा. आवडलं नाही तरी लिहा." तास संपल्यावर मी तुला म्हटलं, "पुण्यात पाण्यालाही स्वतःचं मत असतं." तेव्हा कुठे हसलीस.

कापराचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते. संप्लवन शिकवायचं होतं, म्हणजे घन पदार्थ द्रव न होता एकदम वायू होतो ते. तू म्हणालीस, "मेधा, तुझ्या घरून कापूर आण. आमच्याकडे नसतो." तुझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले आणि त्यांच्याबरोबर कापूरही गेला, हे तू मला अगदी साधेपणाने सांगितलंस. मी मात्र गडबडले. उगाचच म्हणाले, मीही फारसं काही करत नाही, आईची सवय म्हणून. तू म्हणालीस, "तू सफाई कावून देऊन राहिली? मी कापूर मागितला."

तू बशीत कापराचा चुरा ठेवलास, वर काचेचं नरसाळं पालथं घातलंस, त्याच्या तोंडाला कापूस लावलास. खालून मंद आच. थोड्या वेळाने नरसाळ्याच्या आत, वरच्या गार भागावर, पांढरे बारीक स्फटिक जमले. वर्गभर वास सुटला. "देवळाचा वास!" मुलं ओरडली. "कापराचा वास," तू म्हणालीस. "देवळात नसला तरी असाच येतो." संध्याकाळी तू ते स्फटिक खरवडून पुडीत बांधून मला परत दिलेस. "तुझ्या देवाला सांग, थोडा कमी भरेल. पण नवा होऊन आला." मी घरी जाऊन तो कापूर लावला नाही. का नाही लावला, ते मला तेव्हाही कळलं नाही.

पुढे एका मुलाच्या बोटाला गरम चंचुपात्र लागून फोड आला, पालक भांडायला आले आणि शाळेने प्रयोगशाळेत काहीही तापवायला बंदी केली. त्याऐवजी पडद्यावर चित्रफीत दाखवायची. तू मुख्याध्यापिकाबाईंना म्हणालीस, "पडद्यावर बर्फ वितळला तर कोणाचा हात गार पडते?" बाई म्हणाल्या, "हात गार पडणं अभ्यासक्रमात नाही." खरं तर उत्तर चांगलं होतं. तूही मान्य केलंस. आणि त्यानंतर तू सगळे प्रयोग विना आगीचे केलेस, गच्चीवरच्या उन्हात, थर्मासमधल्या गरम पाण्यात, मुलांच्या तळहातांवर.

मग तुझा आजार आला.

पहिला रिपोर्ट तू पाकीट फोडून स्वतः वाचलास, दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी राहून. मी शेजारी होते. तुझा नवरा, मिलिंद, खराडीच्या ऑफिसातून निघाला होता आणि वाहतुकीत अडकला होता. मी म्हटलं, डॉक्टरांना वाचू दे. तू म्हणालीस, "मी मराठीची नाही, पण वाचता येते मला." मिलिंद आला तेव्हा त्याला तूच सांगितलंस, सरळ, एका वाक्यात. तो खाली बसला. तू त्याच्यासाठी पाणी आणायला गेलीस.

उपचारांच्या दिवसांत मिलिंदला सुट्टी नसली की मी यायचे. एक औषध चढवताना तोंडात बर्फ धरायला सांगायचे, म्हणजे तोंड येत नाही. मी घरून थर्मासमध्ये बर्फाचा चुरा न्यायचे आणि तुला चमच्याने भरवायचे. तुझे ओठ निळसर पडायचे. तशातही तू नर्सला विचारलंस, असं का करतात, आणि तिने सांगितलं की गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोहोचतं. तू माझ्याकडे बघून भुवया उंचावल्यास. बोलता येत नव्हतं, तोंडात बर्फ होता. पण मला कळलं, हे सातवीला सांगायचं होतं तुला.

मधलं एक वर्ष बरं गेलं. केस परत आले, कुरळे. तू शाळेत आलीस. आपण पुन्हा शब्दांवरून भांडलो. आणि मग ते दुखणं परतलं.

तेव्हा इतिहासाच्या बाई तुला भेटायला घरी आल्या होत्या. मी तिथेच होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तुझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "सुजाता, तुम्ही तर विज्ञान शिकवता. काहीच नष्ट होत नाही. हे सगळं नुसतं अवस्थांतर असतं."

तू हात काढून घेतला नाहीस. पण म्हणालीस, "मॅडम, अवस्थांतर उलटं करता येते. बर्फाचं पाणी, पाण्याचा परत बर्फ. मेण वितळलं तं परत घट्ट होते. पण जळलेलं मेण परत येत नाही. वितळणं वेगळं, जळणं वेगळं. सहावीतल्या पोरांना येते हा फरक." मग म्हणालीस, "मी जळून राहिली, मॅडम. वितळून नाही. तुम्ही चहा घ्या ना."

त्या चहा न घेताच गेल्या. मी तुझ्यावर चिडले, इतकं कशाला बोलायचं म्हणून. तू म्हणालीस, "माझ्याच मरणाबद्दल मला चुकीचं ऐकायचं नाही."

मग ते औषधाचं. डॉक्टरांनी आणखी एक औषध सुचवलं होतं. आजार बरा होणार नव्हता, काही काळ थोपवता आला असता, तोही येईलच असं नाही, आणि अशक्तपणा इतका येणार होता की घराबाहेर पडणं संपलं असतं. तू मला फोन करून सांगितलंस, "मी नाही घेणार. मी शाळेत येणार." मी रिक्षा करून तडक तुझ्याकडे आले. तू गॅलरीत बसली होतीस, मेथी निवडत.

"शिक्षिका असलीस म्हणून शाळेत मरायची गरज नाही," मी म्हटलं.

"मरायचं घरीच. शाळेत नुसती जाऊन राहिली."

"श्रावस्तीचा विचार कर. मुलगी नुकती कॉलेजात गेलीय."

"तिचाच करून राहिली. तिला मी पलंगावर पडलेली दिसू की डबा भरून निघताना दिसू?"

"तिला तू दिसत राहणं महत्त्वाचं आहे, सुजाता. कशीही."

तू मेथीची जुडी खाली ठेवलीस. ते तुला लागलं होतं. मी थांबायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण मी थांबले नाही, आणि आजही थांबले नसते. मी म्हटलं, "तूच म्हणतेस ना, पारा हलत नाही म्हणजे आत काही होत नाही असं नाही. मग औषधालाही तेवढा वेळ दे. आत काम चालू असेल."

मग तू इतक्या मायेने बोललीस की मला ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं.

"मेधा, वाक्य फार चांगलं आहे. पण चूक आहे. बर्फाला किती उष्णता लागेल हे मोजता येते. किलोभर बर्फाला अमुक एवढी. आधीच सांगता येते. इथं कोणालाच काही सांगता येत नाही. चांगल्या वाक्यासाठी विज्ञान नको वापरू."

"मग कशासाठी वापरू? मला दुसरं काही येत नाही. मला वाक्यंच येतात."

"हाव," तू होकाराची मान हलवत म्हणालीस. "तेच तं." आणि मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवलीस.

तू आलीस शाळेत. खुर्चीत बसून शिकवलंस. माझ्या रिकाम्या तासांना मी तुझ्या वर्गात हमाली केली, पातेली उचलली, पाणी आणलं. घरी जाताना रिक्षात मी रोज विषय काढायचे, आणि तुझ्या घरी पोहोचल्यावरही सोडायचे नाही. "अजूनही डॉक्टरांना विचारता येईल." तू विचारायचीस, "आज काय वार?" मी म्हणायचे, गुरुवार. "गुरुवारी मी भांडत नाही." दुसऱ्या दिवशी शुक्रवारी भांडत नव्हतीस.

त्याच हिवाळ्यात खोबरेल तेलाचा तास झाला. थंडी चांगली पडली होती, घरोघरी बाटल्यांमधलं तेल गोठलं होतं, आणि तू मुलांना सांगितलंस की उद्या घरातलं केसांचं तेल घेऊन या, लहानशा बाटलीत. सकाळच्या उन्हात गच्चीवर तू शाल पांघरून बसलीस. मुलांनी बाटल्या कठड्यावर ओळीने मांडल्या. खोबरेल पांढरं घट्ट, उलटी केली तरी न सांडणारं. पण काही मुलांनी बदामाचं आणलं होतं, आणि उत्तरेकडून आलेल्या घरांतल्या मुलांनी राईचं. ते तसंच पातळ.

"बाई, ह्याला थंडी वाजत नाही का?" एकाने विचारलं.

तुझा चेहरा उजळला. "थंडी सगळ्यांना सारखीच. मग हे का नाही गोठलं?"

आणि मग कोणी काय, कोणी काय. इथल्या धायरी गावातल्या जुन्या घरांतली मुलं, विदर्भातून आलेली, बिहारमधून आलेली, सगळी एकमेकांच्या बाटल्या हलवून बघत होती. शेवटी मुलांनीच काढलं की प्रत्येकाचा आकडा वेगळा. खोबरेल लवकर गोठतं, राईचं तेल गोठवायला याहून खूप थंडी लागेल. उन्हं वर आली. खोबरेल कडेने सुटायला लागलं, मधला पांढरा गोळा बाटलीत तरंगायला लागला, लहान लहान होत गेला. एका मुलीने तुझ्या तळहातावर थोडं ओतलं. तू ते दोन्ही हातांना चोळलंस. तुझी कातडी फार कोरडी झाली होती. मी जिन्याच्या दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, ही म्हणते तेच बरोबर आहे. आणि लगेच त्याच्या उलटही म्हणत होते, की औषध घेतलं असतं तर पुढच्या हिवाळ्यातही असाच तास झाला असता. दोन्ही मला खरं वाटत होतं. तुला मी यातलं काहीच सांगितलं नाही. खाली उतरताना इतकंच म्हटलं, "शाल नीट घे."

तू गेलीस तेव्हा मी आठवीला पत्रलेखन शिकवत होते. शिपाई चिठ्ठी घेऊन आला. श्रावस्तीने शाळेत फोन केला होता, कारण वर्गात मी फोन बंद ठेवते हे तिला माहीत होतं. मी मुलांना मायना पूर्ण करायला सांगितला आणि निघाले.

तुमच्या पद्धतीने सगळं झालं. भंते आले, त्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं, सगळे मागून म्हणत होते. मला शब्द येत नव्हते. मी हात जोडून उभी राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा शब्द येत नाहीत याचं मला काही वाटलं नाही. नंतर विद्युतदाहिनीपाशी मी मिलिंदच्या शेजारी होते. दार बंद झालं. तुला वाटेल, मला तेव्हा तुझं ते वितळणं आणि जळणं आठवलं असेल. नाही आठवलं. मला काहीच आठवलं नाही. श्रावस्तीच्या चपलेचा पट्टा सुटला होता, तो मी खाली वाकून लावला, एवढंच आठवतं.

गेल्या आठवड्यात मिलिंद एकटाच माझ्याकडे आला. तो माझ्याकडे कधी एकटा आलेला नाही. पाणी प्यायला, पंख्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "ताई, एक सांगायचं होतं. ते शेवटचं औषध तिने घ्यावं असं मलाही वाटत होतं. फार वाटत होतं. मी एकदाही बोललो नाही."

"का?"

"तुम्ही बोलत होता ना. रोज. मी आतल्या खोलीतून ऐकायचो. मला वाटायचं, माझ्या वतीने कोणी तरी भांडतंय. मग मला तिच्याजवळ नुसतं बसता यायचं." त्याने पेला खाली ठेवला. "तुम्ही नसता भांडलात तर मला भांडावं लागलं असतं. आणि मग ते शेवटचे दिवस आमचे तसे गेले नसते."

इतके दिवस मला वाटत होतं की मी तुझा शेवटचा काळ कटकटीत घालवला. तो उठून गेल्यावर मी त्याचा पेला विसळून पालथा घातला. तुला हे माहीत होतं का, सुजाता? म्हणून रोज वार विचारून मला उडवून लावायचीस, पण रिक्षात मात्र माझ्याच शेजारी बसायचीस?

काल रविवार होता. श्रावस्ती जेवायला आली. तिला तुझ्यासारखं वांग्याचं भरीत लागतं, तिखट, आणि माझं नेहमी गोडसर होतं. तिने मिरची मागून घेतली, तुझ्यासारखंच तोंड करून. जेवताना मध्येच घास हातात धरून तिने विचारलं, "मावशी, आईचं चुकलं का?"

मी तुझ्याशी भांडताना किती ठामपणे बोलले होते, आठव. त्यातलं एकही वाक्य पुढे येईना. मी म्हटलं, "आईचं चुकलं असं मला वाटत नाही. आणि मी भांडले, तेही चुकलं असं वाटत नाही."

"दोघी कशा बरोबर असाल?"

"नसू. पण अजून ठरलेलं नाही."

डोळे भरले होते, पण हसायला येत होतं तिला. "म्हणजे ती असती तर तुम्ही अजूनही भांडतच बसला असतात."

"हो. म्हाताऱ्या होईपर्यंत."

"किती बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि तो घास खाल्ला.